रीजिगचा पहिला अर्थ

सोमवारी सकाळी आठ वाजता चहाच्या मोठ्या भांड्याशेजारच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली, आणि साडेआठच्या आत सगळ्या कारखान्यानं लेनर्ड हेलीवेलची नोकरी गेली असं धरून टाकलं. चिठ्ठी दोन ओळींची. ‘शुक्रवारी दुपारी तीन वाजता मागच्या शेडचा रीजिग. मिस्टर हेलीवेल यांनी हजर राहावं.’ खाली सही, बी. लिंडेगार्ड.

मागच्या शेडमध्ये लेनर्ड सोडून दुसरं कुणी नव्हतंच. एकेकाळी तिथं चौघं जण होते. एक मेला, एक ऑस्ट्रेलियाला लेकीकडे गेला, आणि तिसऱ्याला आधीच्या मॅनेजरनं, रॉडनीसाहेबांनी, घरी पाठवलं. तेव्हा शेडचा रीजिग म्हणजे कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

थॉर्नरॉइड या इंग्रजी गावातला हा कारखाना शंभर वर्षं खुर्च्या बनवत आला आहे. खुर्चीचा पाय बैठकीत जरा तिरका बसतो, आणि तो तिरकेपणा चारही पायांना, हजारो खुर्च्यांना हुबेहूब तोच यावा लागतो, नाहीतर खुर्ची डुगडुगते. म्हणून भोक पाडताना लाकूड एका साच्यात जखडून ठेवतात. तो साचा म्हणजे जिग. लेनर्ड पंधराव्या वर्षी म्हाताऱ्या एझ्राच्या हाताखाली लागला आणि जिग बनवायला शिकला, आता एकोणसाठचा झाला तरी तेच करत होता. नव्या घाटाची खुर्ची काढायची ठरली की जुने जिग उतरवायचे, तासायचे, नवे पोलादी तुकडे बसवायचे, पुन्हा यंत्रावर चढवायचे. या सगळ्या उठाठेवीला एझ्राच्या काळात रीजिग म्हणत. चांगला शब्द होता तो. रीजिग आला म्हणजे नवं काम आलं, असं समजून लोक त्या संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात एक ग्लास जास्त घेत.

मग रॉडनीसाहेब आले. मालकांचे पुतणे, कॉलेजात व्यवस्थापन शिकलेले, उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. शहाऐंशी साली त्यांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं आणि हसतमुखानं सांगितलं की आपण पॉलिश विभागाचा थोडासा रीजिग करतोय. महिन्याभरात पॉलिशच्या नऊ बायका घरी बसल्या. एक्याण्णव साली गादीकामाचा रीजिग झाला, तेव्हा चौदा जण गेले. आपल्याकडे ध चा मा केला तेव्हा निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. रॉडनीसाहेबांनी अक्षराला हात न लावता शब्द फिरवला.

त्यानंतर गावात या शब्दाला एकच अर्थ उरला. कोपऱ्यावरचं मासे-बटाट्याचं दुकान बंद पडलं, ते रीजिग झालं. धर्मगुरूंची बदली झाली, ते रीजिग झाले. डग्लस पिकल्स हा कारखान्यातला युनियनचा माणूस. त्याचा पोपट एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून सापडला, तेव्हा त्यानंही सुस्कारा सोडून तेच सांगितलं. लोक हसले. पण ज्यांच्या घरी तो शब्द येऊन गेला होता ते हसले नाहीत.

रॉडनीसाहेब गेल्या वर्षी दुसरीकडे मोठ्या जागेवर गेले. यंदाच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी बिर्थ लिंडेगार्ड आल्या. बाई डेन्मार्कच्या, उंच, चाळिशीच्या, स्वतः सुतारकाम शिकून वर आलेल्या. दुपारी काळ्या पावावर खारवलेला मासा ठेवून खात, आणि इंग्रजी बोलत ते एकेक शब्द तपासून, स्क्रू आवळल्यासारखं. बाई कुणाला नकोशा नव्हत्या, पण तीन महिन्यांत त्यांची कुणाशी ओळखही झाली नव्हती. चिठ्ठी लावून त्या त्याच सकाळी विमानानं मायदेशी गेल्या, शुक्रवारी परतणार होत्या. म्हणजे विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला? आणि त्या इथे असत्या तरी लेनर्डनं विचारलं असतं असं नाही. माणसानं फाशीची वेळ विचारू नये, असं त्या खोऱ्यातल्या लोकांना वाटतं.

मंगळवारपासून लोक लेनर्डशी दवाखान्यातल्या आवाजात बोलू लागले. जेवणघरातल्या आयव्हीनं त्याच्या ताटात खिमा घालून भाजलेल्या मीट-पायचा दीडपट तुकडा वाढला आणि वर गरम रस्सा घालताना मान दुसरीकडे वळवली. पिकल्स शेडमध्ये येऊन हक्कांविषयी बरंच काही बोलला, आणि जाताना बाकावरचा भुसा उगाच झाडून गेला. दुपारी एक मोठं पाकीट टेबलांखालून फिरताना लेनर्डला दिसलं. त्यात निरोपाचं कार्ड होतं, हे त्याला कळलं, कारण आजवर अशा चोवीस कार्डांवर त्यानंही सही केली होती. कार्डाच्या मागोमाग घड्याळ यायचं. घड्याळ मिळालं की माणूस संपला.

त्याला खरोखर भीती वाटत होती. पेन्शनला सहा वर्षं होती. त्या अख्ख्या खोऱ्यात जिग बनवणारा माणूस दुसऱ्या कुणाला नको होता, आणि त्याच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. सकाळी उठून कुठं जायचं, हा प्रश्न त्याला चव्वेचाळीस वर्षांत कधी पडला नव्हता. आता तो रात्रंदिवस तेवढाच पडत होता.

घरी त्याच्या बायकोकडे, थेल्माकडे, विटेएवढा शब्दकोश होता. ती रोज शब्दकोडं सोडवायची आणि अडलं की तो उघडायची. मंगळवारी संध्याकाळी तिनं चष्मा चढवून पान काढलं.

‘हे बघ,’ ती म्हणाली. ‘दोन अर्थ दिलेत. पहिला, कारखान्यात नवे जिग बसवणं. दुसरा, पुन्हा मांडणी करणं, फेरफार करणं. पहिला अर्थ पहिला आहे, लेन.’

‘पहिला अर्थ एझ्राबरोबर गेला.’

‘पुस्तकात तर जिवंत आहे.’

‘पुस्तकात सगळेच जिवंत असतात. कारखान्यात तो शब्द कसा वापरतात ते मला ठाऊक आहे, थेल्मा. शब्दकोश लिहिणाऱ्याला रॉडनी माहीत नव्हता.’

थेल्मा म्हणाली की बाई परदेशी आहेत, त्यांना तरी रॉडनी कुठून माहीत असणार? शुक्रवारपर्यंत थांब, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. लेनर्डनं ऐकलं नाही. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला ताक पुढे केलं तरी तो फुंकणारच, आणि या गावाचं तोंड दोनदा पोळलेलं होतं.

शेडच्या मागच्या भिंतीला एक मांडणी होती. तिच्यावर जुन्या गोणपाटाखाली अकरा जिग होते, शाळेतल्या लहान मुलांच्या खुर्च्यांचे. एझ्राच्या हाताखाली लेनर्डनं केलेले ते पहिले जिग. बीच वृक्षाच्या लाकडाचे, कोपऱ्यांत पितळ बसवलेले, आणि प्रत्येकावर दोघांची आद्याक्षरं डागलेली. मग शाळा प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊ लागल्या आणि अठरा वर्षं त्या जिगांना कुणी विचारलं नाही. रॉडनीसाहेबांनी ते दोनदा टाकून द्यायला सांगितले होते. दोन्ही वेळा लेनर्डनं ‘हो साहेब’ म्हणून ते जागच्या जागी लपवले होते.

गुरुवारी दुपारी त्यानं गोणपाट काढलं. उद्या मी गेल्यावर कुणीतरी हे कचऱ्याच्या पेटीत फेकणार, तुटक्या फळकुटांबरोबर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भयंकर संताप आला. क्रिकेट क्लबचा ट्रक रस्त्यानं लाकूड गोळा करत फिरत होता. पाच नोव्हेंबरला तिथं गावोगाव होळी पेटते, वर पार्लमेंट उडवायचा कट करणाऱ्या गाय नावाच्या माणसाचा पुतळा ठेवतात, आणि महिनाभर आधीपासून लोक घरातलं मोडकं सामान त्यासाठी देतात. लेनर्डनं ट्रक थांबवला आणि अकराच्या अकरा जिग स्वतःच्या हातांनी वर चढवले. जळायचं तर निदान चांगल्या आगीत जळू दे, सगळं गाव बघेल. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा तो शेडमध्ये जाऊन रिकाम्या मांडणीसमोर बसला.

शुक्रवारी तीन वाजता बिर्थबाई आल्या. अंगात प्रवासातलाच कोट, काखेत खुर्च्यांच्या आराखड्यांची गुंडाळी, हातात एक छोटी खुर्ची. लेनर्डनं रविवारचा टाय लावला होता. बाईंनी एकदा टायकडे पाहिलं, एकदा मांडणीकडे पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या.

‘मिस्टर हेलीवेल, लहान जिग कुठे आहेत?’

लेनर्डला वाटलं, आता सामानाचाही हिशेब देऊन जायचं तर. त्यानं टायची गाठ सारखी केली. बाईंनी खुर्ची बाकावर ठेवली. ती त्याच्याच हातच्या जिगांतून निघालेली होती, चाळीसेक वर्षांपूर्वीची.

‘ही मला इथल्या चॅपलमध्ये मिळाली,’ बाई म्हणाल्या. ‘मी हिच्यावर बसले. चाळीस वर्षांनीही हलत नाही. सोमवारी मी ही डेन्मार्कला घेऊन गेले. तिकडच्या शाळांना पुन्हा लाकूड हवं आहे. अठराशे खुर्च्या त्यांनी आधीच फोनवर मागितल्या होत्या, आता पक्कं झालं. मी सांगितलं, आमच्याकडे जिग आहेत, मी सप्टेंबरमध्ये डोळ्यांनी पाहिलेत, गोणपाटाखाली. फक्त रीजिग करावा लागेल. आणि तुमच्या मदतीला दोन माणसं द्यायची आहेत, कुणाला घ्यायचं ते तुम्ही सांगा. म्हणून शुक्रवारची वेळ ठेवली.’

लेनर्डनं खुर्ची उलटी करून तिचे पाय पाहिले. ‘रीजिग म्हणजे... जिगांचा?’

‘अजून कशाचा असतो?’ बाई गोंधळल्या. ‘माझ्या कोशात एकच अर्थ आहे. वडिलांचा आहे, फर्निचरच्या शाळेतला. मी पाहून लिहिलं. चुकलं का?’

‘नाही,’ लेनर्ड म्हणाला. ‘तुमचं काही चुकलं नाही, बाई. या गावात तेवढ्या एकट्या तुम्हीच बरोबर आहात.’

त्याचा जीव भांड्यात पडला, पण भांड्याला तळ नव्हता. अठराशे खुर्च्या, दोन माणसं, सहाच काय सोळा वर्षांचं काम समोर उभं होतं, आणि ते ज्यावर उभं होतं ते अकरा साचे त्यानं आपल्या हातांनी होळीत नेऊन घातले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं सगळं सांगितलं. रॉडनीसाहेब, नऊ बायका, चौदा माणसं, फळ्यावरची चिठ्ठी, थेल्माच्या शब्दकोशातले दोन अर्थ, ट्रक. बाई ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, आणि लेनर्डला वाटलं की आता राग येणार. पण बाईंना वाईट वाटलं होतं.

‘सोमवारपासून तुम्हाला असं वाटत होतं? पाच दिवस?’

‘तशी सवय असते, बाई.’

‘आणि ते जाळणार कधी?’

‘उद्या.’

बाईंनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

क्रिकेटच्या मैदानावरचा ढीग दुमजली घराएवढा झाला होता. त्याच्यापुढे क्लबचे चिटणीस विल्फ्रेड टॉर्डॉफ हातात वही घेऊन उभे होते. ते निवृत्त हेडमास्तर होते आणि तो ढीग गेली वीस वर्षं त्यांच्या देखरेखीखाली रचला जात होता. जड लाकूड आत, हलकं बाहेर, वाऱ्याच्या बाजूला वाट. लेनर्डनं अडचण सांगितली. टॉर्डॉफसाहेबांनी मान हलवली. ढिगावर चढलेलं लाकूड खाली येत नाही, असा नियम आहे. एकाला दिलं की उद्या प्रत्येक जण आपलं जुनं कपाट परत मागायला येईल, आणि पंचाऐंशी साली तसं झालंही होतं. शिवाय ते जिग चांगले जड होते म्हणून त्यांनी ते अगदी मधोमध घातले होते.

‘मग ढिगाचा रीजिग करू या,’ बिर्थबाई म्हणाल्या.

लेनर्डनं त्यांच्याकडे पाहिलं.

‘दुसरा अर्थ,’ बाई म्हणाल्या. ‘आताच शिकले.’

टॉर्डॉफसाहेब तरीही बधले नाहीत. चार वाजता कारखान्याचा भोंगा झाला. बिर्थबाईंची गाडी लेनर्डला घेऊन भरधाव निघाल्याची बातमी तोवर सगळ्या विभागांत पोचली होती, आणि त्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीनं लावला होता. दहा मिनिटांत वीसेक माणसं मैदानावर आली. पुढे पिकल्स, त्याच्या बगलेत कार्ड आणि घड्याळाचा खोका. निरोप घरी जाऊन द्यायचा की इथेच, यावर ते वाटेत भांडत आले होते.

लेनर्डनं दोन वाक्यांत काय ते सांगितलं. पिकल्सनं खोका पाठीमागे लपवला. मग आयव्ही पुढे आली आणि टॉर्डॉफसाहेबांसमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

‘विल्फ्रेड, हेजहॉग पाहिलेत का?’

‘उद्या सकाळी पाहणार आहोत.’

‘उद्या सकाळी पाऊस सांगितलाय. बिचारे आत गुरगुटून झोपले असतील आणि तुम्ही उद्या त्यांना भाजणार. पोरांना काय सांगाल, हेडमास्तर?’

त्या देशात माणसाच्या नोकरीसाठी नियम मोडत नाहीत, पण काट्याच्या त्या वीतभर जनावरासाठी मोडतात. होळी पेटवण्याआधी ढीग उपसून त्याच्यात हेजहॉग शिरला नाही ना हे पाहायचं, असा क्लबचाच दुसरा नियम होता, आणि टॉर्डॉफसाहेबांचं त्या प्राण्यावर फार प्रेम. त्यांनी वही मिटली आणि सगळ्यांना हातमोजे घालायला सांगितले.

अंधारून येत होतं. तीन गाड्यांचे दिवे ढिगावर लावले आणि माणसं साखळी करून उभी राहिली. दारं, पलंग, कुणाचा तरी पियानो, कुंपणाच्या फळ्या, सगळं हातोहात बाजूला जाऊ लागलं. रॉडनीसाहेबांच्या रीजिगमध्ये घरी गेलेल्या पॉलिशच्या दोन बायका रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांना काय चाललंय ते कळलं तेव्हा त्यासुद्धा पिशव्या ठेवून साखळीत लागल्या. त्यातल्या एकीनं पहिला जिग ओढून काढला, कोटाच्या बाहीनं पुसला आणि लेनर्डच्या हातात दिला. लेनर्डनं अंगठ्यानं ती आद्याक्षरं चाचपली. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते थांबवलं नाही. ‘सोमवारपासून या दोघींना माझ्या शेडला द्या,’ तो बिर्थबाईंना म्हणाला. बाईंनी नावं लिहून घेतली.

साडेपाचपर्यंत दहा जिग निघाले. अकरावा निघेना. ढिगाच्या जागी नुसतं गवत उरलं तरी निघेना. हेजहॉगही एक निघाला नाही. शेवटी टॉर्डॉफसाहेब घसा खाकरत म्हणाले की लाकूड फार चांगलं होतं, टाकवलं नाही, म्हणून एक त्यांनी क्लबच्या चहाच्या खोलीचं दार अडवायला ठेवलाय. लोक पोट धरून हसले. मग सगळ्यांनी मिळून ढीग पुन्हा रचला, आणि टॉर्डॉफसाहेबांच्या मते तो आधीपेक्षा बरा रचला गेला.

घड्याळाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. आयव्हीनं तो सोडवला. खोका जेवणघराच्या कपाटात वरच्या फळीवर राहील, सहा वर्षं, आणि तोवर पिकल्सनं त्याला किल्ली द्यायची.

लेनर्ड घरी पोचला तेव्हा सात वाजून गेले होते. टाय कुठं तरी पडला होता, तोंडाला माती लागली होती, डोळे लाल होते. थेल्मा दारातच उभी होती. तीन वाजल्यापासून तिनं एक काम धड केलं नव्हतं. बटाटे सोलून तसेच पाण्यात पडले होते. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं एप्रनला हात पुसले.

‘काय झालं?’

‘रीजिग झाला.’

थेल्मानं त्याला आत घेऊन दार लावलं. मग तिनं अगदी हळू विचारलं, ‘कुठल्या अर्थानं?’

‘पहिल्या.’

ती मटकन जिन्याच्या पायरीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. लेनर्ड तिच्या शेजारी बसला, मातीच्या हातानं तिची पाठ थोपटत राहिला. मग तिनं डोळे पुसले.

‘मी मंगळवारीच सांगितलं होतं,’ थेल्मा म्हणाली.